तीन मुक्या तारा

गिटारला पोट नव्हतं. डॉक्टरांना सगळ्यात आधी खटकलं ते हेच.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री आणि त्यांचे मालक अशा सगळ्यांवर ते उपचार करायचे, आणि यातल्या शेवटच्या प्रकाराला कशानेच गुण येत नाही असं त्यांचं मत होतं. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे बिऱ्हाड. न बोलणाऱ्या जिवाच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. आणि आज रविवारी भर दुपारी बायकोची इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन ते बसले होते, तर हिला पोटच नाही! साध्या गिटारचं त्यांना माहीत होतं. पोकळ पेटी, मधे भोक, आवाज आत घुमतो आणि बाहेर येतो. ही मात्र नुसती लाल रंगाची, चांगली जाडजूड फळी. मग आवाज येतो कुठून?

खरं तर गिटारला हात लावायला त्यांना सक्त मनाई होती. घरातलं घड्याळ, मिक्सर आणि इस्त्री त्यांनी आतून पाहिल्यापासून ही मनाई लागू झाली होती. पण बायको घरी नव्हती. तिचं औषधांचं दुकान रविवारी बंद असायचं, तरी कुणाचा तरी फोन आला आणि 'पाच मिनिटांत येते' म्हणून ती गेली. औषधाच्या दुकानातली पाच मिनिटं किती लांबतात हे डॉक्टरांना अनुभवाने ठाऊक होतं.

त्यांनी आधी फळीवर बोटांनी टकटक केलं. भरीव. मग कानाला स्टेथोस्कोप लावला, दुसरं टोक लाकडावर टेकवलं आणि एक तार छेडली. लाकूड थरथरत होतं, हे खरं. पण एवढ्याशा थरथरीवर लोक मैदानं दणाणून सोडतात म्हणे! डॉक्टरांनी स्वतः हिचा आवाज ऐकला होता तो एवढाच, टिण टिण. बायको रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून वाजवायची, आणि पलीकडे पेपर वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत यायची ती एवढीच टिणटिण. बायकोच्या नशिबी वाद्य अगदीच अशक्त आलंय, अशी त्यांची समजूत होती. तिला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी हा विषय कधी काढला नव्हता. त्यांना आपल्या या समंजसपणाचं मनातून कौतुकही होतं.

"बघू तरी," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी सगळ्यात बारीक तारेची खुंटी थोडी पिळली. आवाज चढला. आणखी थोडी पिळली. आणखी चढला. "अरे वा," म्हणून त्यांनी पुन्हा पिळली आणि तार पट्कन तुटली.

डॉक्टर तुटलेल्या तारेकडे बघतच राहिले. आणि आजचा दिवस साधा नव्हता. पाच वाजता दोन माणसं घरी येणार होती. गावात एक हौशी बँड होता. त्यांचा गिटारवाला बदली होऊन गेला होता आणि जागा भरायची म्हणून बँडचा प्रमुख, म्हणजे कीबोर्ड वाजवणारा इंजिनियर, ड्रमवाल्याला घेऊन बायकोचं वाजवणं ऐकायला येणार होता. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोण घेणार, असं ती सगळ्यांना हसत हसत सांगायची. पण काल जेवताना ती एकदाच म्हणाली होती, "घेतलं तर बरं होईल हो." इतक्या हळू म्हणाली होती, की डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

रविवारी वाद्यांचं दुकान बंद. तार तर हवीच. पण शस्त्रक्रिया करणारा माणूस दोऱ्यावाचून अडून बसत नाही. डॉक्टर दवाखान्यात गेले आणि म्हशीला टाके घालायचा नायलॉनचा दोरा घेऊन आले. पारदर्शक, गुळगुळीत आणि असा चिवट, की म्हशीने उसळी मारली तरी टाका हलत नाही. त्यांनी दोरा खालच्या भोकातून ओवला, गाठ मारली, खुंटीला गुंडाळला आणि ताणला. छेडून पाहिला, तर काय आश्चर्य! पोलादाच्या तारेहून गोड आवाज. थोडा मऊ, पण टिणटिणीपेक्षा शंभरपट बरा.

इथे थांबले असते तर ते डॉक्टर कसले! त्यांना बायकोची बोटं आठवली. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते, मधेच चिरा पडायच्या, ती त्यावर मलम लावायची. या बारीक पोलादी तारा म्हणजे सुऱ्याच. त्यांनी उरलेल्या दोन बारीक ताराही काढल्या आणि तिथे नायलॉन बसवला. वरच्या तीन जाड तारांना धातूचाच वेढा होता, त्या तेवढ्या राहू दिल्या. काढलेल्या तारा मात्र त्यांनी टोकं लागू नयेत म्हणून कापून, कागदात गुंडाळून दवाखान्याच्या धारदार कचऱ्यात टाकल्या. बारीकसारीक बाबतीत डॉक्टर फार काटेकोर होते.

बायको आली ती धावतपळत, आणि तिच्या पाठोपाठ पाहुणेच आले.

इंजिनियर उंच होता, बोलका होता आणि घरात शिरताच त्याने भिंतीवरचे विजेचे पॉइंट मोजले. ड्रमवाला बेकरीचा मालक. पहाटे उठून भट्टी पेटवणारा माणूस, त्यामुळे संध्याकाळी पाचला तो जागा आहे की झोपलाय हे सांगणं कठीण होतं. सोफा मऊ लागताच त्याची मान खाली गेली.

"ताई, साधंच वाजवा," इंजिनियर म्हणाला. "टेन्शन घेऊ नका. आम्ही काही परीक्षा घ्यायला आलो नाही." आणि परीक्षक बसतात तसा तो पाय पसरून बसला.

बायकोने कोपऱ्यातला काळा खोका पुढे ओढला. डॉक्टर चमकले. या खोक्यावर ते रोज चहाचा कप ठेवायचे. तो अ‍ॅम्प असून गिटारचा आवाज तो मोठा करतो आणि एरवी तो आवाज फक्त बायकोच्या हेडफोनमध्ये जायचा, हे त्यांना आत्ता कळत होतं. बायकोने वायर जोडली, गिटार मांडीवर घेतली, तारा जुळवायला हात फिरवला आणि एक क्षण थांबली. तिने मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर छताच्या पंख्याकडे बघायला लागले. तळहाताचा आडोसा करून अंगठ्याने तारा छेडत तिने दुसऱ्या हाताने खुंट्या पिळल्या, खुंटीशी कान नेऊन सूर जुळवले आणि वाजवायला सुरुवात केली.

जाड तारेवर पहिला सूर उमटला आणि डॉक्टर खुर्चीतून उठलेच. हा आवाज? या फळीचा? खोलभर पसरलेला, भरदार, छातीत लागणारा! सूर खालून वर चढू लागला, चढला, आणि अचानक गायब झाला. बायकोची बोटं हलत होती. आवाज नव्हता. मग सूर खाली उतरला तसा पुन्हा आला. पुन्हा वर गेला, पुन्हा गडप. धून कसली, शाळेतल्या पेपरातल्या रिकाम्या जागा भरा झाल्या होत्या.

"थांबा थांबा," इंजिनियर उठला. "हा वायरचा प्रॉब्लेम आहे. शंभर टक्के."

त्याने पिशवीतून आपली वायर काढून जोडली. जाड तारा दणक्यात, बारीक तारा ढिम्म.

"मग अ‍ॅम्प. वरचे सूर कापतोय तो. कुठल्या कंपनीचा? हां, म्हणूनच." त्याने अ‍ॅम्पची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली. खोक्यातून मोठी घूंऽऽ अशी घरघर सुरू झाली. दवाखान्यात देखरेखीसाठी बांधलेल्या शेळीने तिला उत्तर दिलं.

"जरा गिटार इकडे द्या बघू," इंजिनियर म्हणाला.

"गिटार माझ्याकडेच राहू दे," बायको शांतपणे म्हणाली आणि तिने तारांवरचा हात काढला नाही. "तुम्ही सांगा, मी करते."

डॉक्टरांना आता राहवेना. बायकोचा घोटाळा होतोय याचं वाईट वाटत होतं, पण त्याहून मोठी अशी जुनी खाज उठली होती. ते अ‍ॅम्पसमोर मांडी घालून बसले. "अगं, हे बटण कशाचं?"

"आवाजाची धार कमी-जास्त करायचं," बायको म्हणाली. तिने एक जाड तार छेडून गिटारवरचं बटण फिरवलं. आधी टोकदार असलेला सूर हळूहळू गोल झाला, जाड रजई अंगावर घेतल्यासारखा.

"आणि ही कळ?"

"इथे तारेखाली दोन पट्ट्या आहेत ना, त्यातली कुठली ऐकायची ते. मानेजवळची भरदार ऐकते, शेपटीजवळची कडक."

"तार तीच?"

"तार तीच. कुठून ऐकली त्यावर आवाज ठरतो."

डॉक्टर एवढे खूश झाले की आपण गुन्हेगार आहोत हे ते क्षणभर विसरले. ऐकते! म्हणजे फळीला पोट नसलं तरी कान होते. त्यांच्या धंद्यात कान म्हणजे तपासायची गोष्ट. ते लगबगीने दवाखान्यात गेले आणि बॅटरी आणि लांब चिमटा घेऊन आले.

"काय करताय?" इंजिनियर दचकला.

"काही नाही हो. पट्टीत मळ साचला असेल तर बघतो. कुत्र्याच्या कानात फार साचतो."

बायकोने हात जरासा बाजूला केला. डॉक्टरांनी बॅटरी मारली, चिमटा तारांमधून अलगद खाली नेला. पट्टी अजून लांब होती, तोच चिमट्याला कुणीतरी ओढलं आणि तो टक्कन पट्टीला जाऊन चिकटला.

सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवलेली होती हे मघाशी सांगितलंच आहे. त्या एवढ्याशा टक्चा अ‍ॅम्पमधून असा काही धडाका झाला, की खिडकीच्या काचा वाजल्या. बेकरीवाला "भट्टी! भट्टी!" असं ओरडत उठला. शेळीने दावं तोडलं, ती बैठकीच्या खोलीत आली आणि इंजिनियरच्या पिशवीवर पाय देऊन उभी राहिली. डॉक्टरांनी दचकून चिमटा ओढला, तर तो खरडत सुटला, आणि त्याच्या खरडण्याचाही आवाज झाला. ट्रक उलटला असावा तसा.

"बंद करा! बंद करा!" इंजिनियर कानांवर हात ठेवून ओरडत होता.

बायकोने आवाज कमी केला. डॉक्टरांनी शेळीला एका हाताने धरलं, दुसऱ्या हातातल्या चिमट्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "इंजिनियरसाहेब, या पट्टीत चुंबक आहे का हो?"

समजावून सांगायची संधी मिळाल्यावर इंजिनियर भूकंपातसुद्धा शांत झाला असता. "आहे ना! सांगतो. या पट्टीला पिकअप म्हणतात. आत चुंबक, चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात गडबड होते, त्या गडबडीने वेढ्यांत वीज थरथरते. तीच एवढीशी थरथर हा खोका मोठी करतो आणि स्पीकरचा पडदा हलवतो. तो हलला की हवा हलते, हवा हलली की तुमचा कान. लाकडाच्या पोकळीशी फारसा संबंधच नाही. कळलं?"

"कळलं. म्हणजे कुठलीही तार चालेल?"

"छे! चुंबकाला कळली पाहिजे. लोखंडी, पोलादी अशी. तुम्ही तिथे सुतळी बांधलीत तर चुंबकाला काय कळणार, कप्पाळ?" इंजिनियर मनमोकळं हसला.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर एक गाय उभी राहिली. गाय चरताना खिळा, तारेचा तुकडा काय वाटेल ते गिळते, आणि तो खिळा पुढे टोचून तिचा जीव घेऊ शकतो. म्हणून डॉक्टर गाईला बोटाएवढं गुळगुळीत चुंबक गिळायला देतात. ते तिच्या पोटात बसून राहतं आणि गिळलेलं लोखंड धरून ठेवतं. पण तीच गाय प्लास्टिकची पिशवी गिळते तेव्हा चुंबकाला त्याचा पत्ताही लागत नाही. चुंबकाला खिळा कळतो, पिशवी कळत नाही. पोलाद कळतं, नायलॉन...

"मी शेळी बांधून येतो," डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात त्यांनी दार लावलं, कपाटातून गाईचं चुंबक काढलं आणि टाक्यांच्या दोऱ्याच्या रिळाला लावलं. काही नाही. ते कपाळाला हात लावून खाली बसले. बायकोला आयुष्यात एकदा कुणीतरी बोलावलं होतं आणि आपण तिच्या निम्म्या तारा मुक्या करून ठेवल्या. ती तिथे बसून सगळं मुकाट सहन करतेय, बिचारीला कळतही नाहीये. डॉक्टरांना रडूच यायला लागलं. मग एकदम आठवलं. तार! मोडलेलं हाड बांधायची तार! पोलादी! त्यांनी खण उपसला, चकाकती तार काढली, चुंबक टेकवलं आणि आनंदाने हात सोडला. चुंबक सरळ पायावर पडलं. शरीरात गंजू नये म्हणून बनवलेलं हे पोलाद इतकं सोवळं, की चुंबकालाही शिवून घेत नव्हतं. शेळी त्यांच्याकडे बघत रवंथ करत होती.

आता एकच उपाय उरला होता, खरं बोलणं. डॉक्टर लंगडत बैठकीत आले. इंजिनियर अ‍ॅम्पचं मागचं झाकण उघडून त्यात डोकं घालून बसला होता आणि बायको त्याचं बोलणं अगदी मन लावून ऐकत होती.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "अ‍ॅम्प ठीक आहे. वायर ठीक आहे. तिचंही काही चुकलेलं नाही. मी... दुपारी तार तुटली माझ्याकडून. मग मी म्हशीचे टाके घातले. तीन."

"कशाचे?" इंजिनियरचं डोकं बाहेर आलं.

"नायलॉनचे. तिच्या बोटांना लागतं म्हणून."

इंजिनियर पुढे आला, वाकला आणि पहिल्यांदाच त्याने तारांकडे पाहिलं. बेकरीवाल्याला यात फार मजा वाटली असावी, कारण तो आता टक्क जागा होता. शेवटी इंजिनियर पुटपुटला, "पण आता काय उपयोग? आज दुकानं बंद. ऐकायचं कसं?"

बायकोने गिटारच्या कव्हरची चेन उघडली आणि आतून तारांचं नवं कोरं पाकीट काढलं. कुणी काही विचारायच्या आत तिने म्हशीचे तीनही टाके सोडवले, पोलादी तारा ओवल्या, ताणल्या आणि जुळवल्या. मग वाजवलं.

सूर खालून उठला, वर चढला आणि या वेळी कुठेही गेला नाही. वर जाऊन तो थांबला, मांजर अंग ताणतं तसा सावकाश लांबला, तिने बोटाने तार जराशी ढकलली तेव्हा किंचित वाकला आणि मग सोडून दिल्यासारखा खाली आला. एकदा तिने कळ पाडून बटण फिरवलं, तेव्हा तोच सूर गुरगुरायला लागला. डॉक्टर खाली फरशीवर बसून ऐकत होते. इतकी वर्षं आपल्या शेजारी हे चाललं होतं आणि आपण त्याला टिणटिण समजत होतो, वर समंजसपणाही मिरवत होतो. त्यांना भयंकर लाज वाटली. आणि लाजेहून जास्त अभिमान वाटला.

वाजवून झालं. बेकरीवाला टाळ्या वाजवत म्हणाला, "बास! ठरलं!"

इंजिनियरने घसा साफ केला. "ताई, आमच्याकडून हो आहे. मंगळवारी प्रॅक्टिस. येताय ना?"

"मी विचार करून कळवते," बायको म्हणाली.

इंजिनियरला बहुतेक हे वाक्य स्वतः म्हणायची सवय होती. ऐकायची नव्हती. "म्हणजे... ताई, आमचं काही चुकलं का?"

"तसं नाही हो. तुम्ही समजावून सांगता फार छान. पण माझ्या हातात मुक्या तारा होत्या आणि तुम्ही तास होत आला तरी तारा सोडून सगळं घर तपासलंत. तुमच्यासोबत वाजवायचं, तर आधी तुम्ही माझ्याकडे बघता की नाही हे मला बघायला हवं होतं." मग तिला त्याच्या चेहऱ्याची दया आली असावी. "रात्री फोन करते."

ते गेले. पिशवी झटकत इंजिनियर पायऱ्या उतरला, त्याच्या मागून बेकरीवाला हसू दाबत उतरला. डॉक्टरांनी दार लावलं आणि तिथेच उभे राहिले.

"म्हणजे तुला आधीच कळलं होतं?"

"हात लावल्या लावल्या. आणि गाठ बघितल्यावर कुणी केलं तेही. इतकी सुबक गाठ गावात दुसरं कोण मारणार?"

"मग गप्प का बसलीस? पाकीट जवळ होतं ना! मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो तिकडे. त्यांची परीक्षा घ्यायची होती म्हणून माझीपण?"

बायको वायर गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता ती थांबली.

"त्यांचं नंतर सुचलं हो मला," ती म्हणाली. "मी पाकीट काढणारच होते. तेवढ्यात तुम्ही खाली बसलात आणि विचारलंत, हे बटण कशाचं म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाकीट काढलं असतं, तर तुम्ही पुन्हा पेपर उघडला असता."

डॉक्टरांनी खोक्यावर पडलेला आजचा पेपर उचलला, घडी घालून कपाटावर टाकला आणि बायकोच्या हातातली वायर हळूच सोडवून घेतली.

"हे टोक कुठे लावायचं म्हणालीस?" त्यांनी विचारलं.